गुडघ्यामागची धमनी



मांद्रे, हरमल, मोरजी, पार्से, तुये या गावांतल्या श्रोत्यांसाठीच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला 'गुडघेदुखी' असा विषय दिला होता. मी त्यातला एकच कोपरा निवडला आहे. गुडघ्यांचे व्यायाम, वजन, तेले आणि गोळ्या यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. ऑपरेशन झाल्यावर पहिल्या रात्री खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाने काय पाहायचे, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. आणि त्या स्टुलावर बहुधा तुमच्यापैकीच कोणीतरी असते. सून असते, भाऊ असतो, कधी शेजारी असतो.

साठीसत्तरीच्या माणसाला गुडघा साफ झिजल्यावर 'वाटी बदलायला' सांगतात. ते ऑपरेशन आता घरोघरी माहीत आहे. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, तेव्हापासून तर लोकांची भीतीही पुष्कळ कमी झाली. पण पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस, अजून झाडावर चढणारा, होडी ओढणारा, शेतात वाकणारा, त्याचा गुडघा फक्त आतल्या बाजूने झिजलेला असतो. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, शरीराचा सगळा भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर येतो, आणि भार येतो म्हणून तो भाग आणखी झिजतो. अशा माणसाची वाटी बदलण्याची घाई करू नये. त्याच्या नडगीचे हाड गुडघ्याच्या थोडे खाली कापतात, पायाचा कोन बदलतात आणि भाराची रेषा झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूकडे नेतात. बोली भाषेत याला आपण 'पाय सरळ करण्याचे ऑपरेशन' म्हणू; डॉक्टर 'एचटीओ' म्हणतात. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी हाडाच्या बाहेरच्या बाजूने पाचर काढून ते बसवण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. आता बहुतेक ठिकाणी आतल्या बाजूने काप घेऊन हाड उघडतात आणि मजबूत पट्टी व स्क्रूंनी धरून ठेवतात. काप अंदाजे एक मिलिमीटर उघडला की पाय अंदाजे एक अंश सरळ होतो. इतक्या बारीक मापाचे हे काम आहे. नीट निवडलेल्या रुग्णाला हे ऑपरेशन स्वतःच्या गुडघ्याची दहा-दहा वर्षे परत देते. मी ते मनापासून चांगले मानतो, म्हणूनच त्याच्या एका दुर्मीळ पण भयंकर धोक्याविषयी बोलायला आलो आहे.

गुडघ्याच्या मागे जी लवण आहे, पाय दुमडला की घडी पडते ती, तिच्यातून पायाला रक्त देणारी एकमेव मोठी धमनी खाली जाते. कातडीकडून आत गेले की आधी मज्जातंतू लागतो, मग शीर, आणि सगळ्यांत खोल, हाडाला सर्वांत जवळ, ही धमनी. वर मांडीच्या स्नायूतल्या एका छिद्रातून ती उतरते आणि खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीखाली शिरते. दोन्ही टोकांना ती जखडलेली असते, त्यामुळे धक्का आला तर बाजूला सरकायला तिला जागा नसते. आपण हाड कापतो नेमके त्याच पातळीवर. मध्ये असतो एक छोटा, चपटा स्नायू. हाडाची मागची भिंत आणि धमनी यांत अनेकदा बोटभर अंतरही नसते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांत गुडघ्याचे 'जानु' मर्म आहे. त्याला इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असे सुश्रुत सांगतो. पोटरीच्या मध्यावर 'इंद्रबस्ति' मर्म आहे, आणि तिथे इजा झाली तर रक्त जाऊन मरण येते, असे तो स्वच्छ लिहितो. एकाच पायात, वीतभर अंतरावर, दोन वेगळे परिणाम त्याने वेगळे ओळखले. हातात सुरी धरणाऱ्याने शरीराचा हा नकाशा पाठ केला पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मग इजा होते कशी? करवतीचे पाते मागची भिंत ओलांडून किंचित पुढे जाते. छिद्र पाडणारे ड्रिल आरपार गेल्यावर थांबायला निमिषभर उशीर होतो. एखादा स्क्रू दोन-चार मिलिमीटर जास्त लांब निघतो. मांस मागे धरून ठेवणारे हत्यार हाडावर टेकलेले राहण्याऐवजी मांसात घुसते. कधी काहीच कापले जात नाही, नुसता ताण येऊन धमनीचे आतले अस्तर फाटते आणि तिथे रक्ताची गाठ धरते.

आमच्या पिढीला शिकवले होते की गुडघा नव्वद अंशांत दुमडला की धमनी मागे सरकते आणि काम सुरक्षित होते. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या गुडघ्यांची सोनोग्राफी करून हे तपासले. पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक गुडघ्यांत दुमडल्यावर धमनी हाडाच्या आणखी जवळ आलेली दिसली. नंतरच्या काही अभ्यासांत, विशेषतः एमआरआयवर, ती मागे गेलेलीही दिसली. याचा अर्थ मी एवढाच घेतो की गुडघा जरूर दुमडावा, पण त्या दुमडण्यावर विसंबून करवत चालवू नये. हाडाच्या मागच्या भिंतीला घासून, स्नायूच्याही आतून, बोथट हत्यार ठेवावे, आणि शेवटचा मागचा काप यंत्राने न करता हाताने, छिन्नीने, हळूहळू पुरा करावा.

त्यातही काही माणसांच्या शरीराची रचना वेगळी असते. पायाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी फांदी साधारणपणे त्या चपट्या स्नायूच्या खाली फुटते. काहींमध्ये ती वरच फुटते आणि स्नायूच्या मागून जाण्याऐवजी स्नायू आणि हाड यांच्या मधून उतरते. मग मध्ये कोणतीही गादी उरत नाही. बहुतेक रुग्णांचा एमआरआय कूर्चा पाहण्यासाठी आधी झालेलाच असतो, आणि ही वेगळी फांदी त्यावर दिसू शकते. पाहायचे ठरवले तर दिसते. माझा तरुण डॉक्टरांना आग्रह आहे की कूर्चेसाठी काढलेला एमआरआय धमनीसाठीही एकदा पाहावा.

अशी इजा शंभर ऑपरेशनांत एकदाहूनही कमी वेळा होते. पण ज्याला होते त्याचा पाय पणाला लागतो. आणि या धमनीचा स्वभाव असा आहे की इजा लपते. ऑपरेशनच्या वेळी मांडीला हवेचा पट्टा बांधून रक्त थांबवलेले असते, त्यामुळे धमनी कापली गेली तरी त्या क्षणी फवारा उडत नाही. पट्टा सोडल्यावर रक्त आले तर निदान कळते तरी. धमनी नुसती बंद पडली तर काहीच दिसत नाही; टाके पडतात, बँडेज होते आणि रुग्ण वॉर्डात येतो. म्हणून जखम बंद करण्याआधी पट्टा सोडून पाहावा आणि पावलावरची नाडी तपासावी, असे मी म्हणतो. दहा मिनिटे जास्त जातात. ती जावीत.

इथे थोडा इतिहास सांगणे मला आवश्यक वाटते. १७८५ च्या डिसेंबरात, म्हणजे पेडणे महाल पोर्तुगीजांकडे जाण्याच्या तीन वर्षे आधी, लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने पंचेचाळीस वर्षांच्या एका घोडागाडीवानावर ऑपरेशन केले. त्याच्या गुडघ्यामागच्या धमनीला मोठा फुगा आला होता. त्या काळी अशा माणसाचा पाय कापत. हंटरने फुग्याला हात लावला नाही. वर मांडीतली धमनी बांधून टाकली. पाय वाचला आणि तो माणूस कामावर परत गेला. हे ऐकून कोणाला वाटेल की धमनी बांधली तरी पाय जगतो, मग एवढी चिंता कशाला? फरक वेळेचा आहे. फुगा हळूहळू वाढत होता, तेवढ्या महिन्यांत आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या मोठ्या झाल्या होत्या. शिवोली-चोपडे पूल महिनाभर आधी सांगून बंद केला तर मांद्रेकर कोलवाळमार्गे जाण्याची सवय करून घेतील. भर गर्दीत अचानक बंद झाला तर सगळी वाहतूक जागच्या जागी उभी राहील. ऑपरेशनमध्ये धमनीला इजा होते ती अचानक, आणि लहान वाटा अजून उघडलेल्या नसतात.

याचा पुरावा युद्धांनी दिला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या धमन्यांच्या इजांचा मोठा आढावा मायकेल डिबेकी आणि फिओरिंडो सिमेओन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. जोडण्याला वेळ नव्हता, बहुतेकदा धमनी बांधत. गुडघ्यामागच्या धमनीची इजा झालेल्या शंभरांपैकी सुमारे ७३ जणांचा पाय कापावा लागला. शरीरातल्या इतर बहुतेक धमन्यांपेक्षा हा आकडा फार मोठा आहे. कोरियाच्या युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने लवकर उचलले आणि धमनी जोडायला सुरुवात झाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३२ वर आले. धमनी जोडण्याची शिवण मात्र त्याआधी पन्नास वर्षे उपलब्ध होती. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लियाँ शहरात सुरा भोसकला गेला, मोठी रक्तवाहिनी तुटली आणि ती कोणालाच जोडता येईना. याच शहरातल्या अलेक्सी कारेल या तरुण डॉक्टरच्या मनाला ते लागले. तो एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुई-दोरा चालवायला शिकला, असे सांगतात. १९०२ मध्ये त्याने रक्तवाहिनी जोडण्याची रीत प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज गुडघ्यामागची फाटलेली धमनी जोडताना दुसऱ्या पायातली एक शीर काढून, उलटी करून, मध्ये बसवतात. उलटी यासाठी की शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. हे काम उत्तम होते. वेळेत पोचले तर.

वेळ म्हणजे साधारण सहा तास. रक्त न मिळालेला स्नायू त्यापुढे मरू लागतो, आणि मेलेला स्नायू धमनी जोडून परत येत नाही. घड्याळ सुरू होते ते इजेच्या क्षणापासून. नातेवाइकांना कळले तेव्हापासून नव्हे, रुग्णवाहिका आली तेव्हापासूनही नव्हे. ऑपरेशन टेबलावरचे उरलेले तास, भूल उतरेपर्यंतचा वेळ, वॉर्डात 'थोडे दुखणारच' म्हणून गेलेली संध्याकाळ, हे सगळे त्यातच मोजायचे. समजा ऑपरेशन एखाद्या लहान इस्पितळात झाले. रक्तवाहिनी जोडणाऱ्या सर्जनसाठी आपल्याला बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागेल. मांद्रेहून बांबोळी चाळीसेक किलोमीटर. रस्ता मोकळा असला तरी तासाहून जास्त; पर्यटकांच्या मोसमात शनिवारी संध्याकाळी किती, ते मी तुम्हाला सांगायला नको. तिथे पोचल्यावर तपासणी, सीटी अँजिओग्राफी, रक्ताची व्यवस्था, थिएटर. सहा तासांतले किती उरतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. म्हणून मी ठामपणे म्हणतो की या ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी इस्पितळाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: धमनीला इजा झाली तर जोडणारा डॉक्टर कोण, आणि तो किती वेळात येईल? जे डॉक्टर या प्रश्नाचे शांतपणे उत्तर देतात, त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

गोव्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक निघाले ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेहात आणि तंबाखूत धमन्या कडक होतात, त्यांत चुना बसतो. अशा धमनीवर पट्टा आवळला, पाय वाकवला, तरी आतले अस्तर तडकून ती बंद पडू शकते. करवतीचा स्पर्शही व्हावा लागत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच पावलाची नाडी तपासायची. शंका असेल तर घोट्याचा रक्तदाब मोजून दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहायचा. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ-दशांशाहून कमी असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचे मत घ्यायचे. साधे यंत्र आहे, पाच मिनिटांचे काम आहे.

आता पहिल्या रात्रीविषयी. पावलावर नाडी दोन जागी लागते. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या रेषेत, मधोमध. दुसरी घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे. काही निरोगी माणसांत पहिली जन्मतःच लागत नाही, म्हणून ऑपरेशनआधी दोन्ही शोधाव्यात आणि जिथे लागली तिथे पेनाने फुली करावी. मग रात्री नर्सला अंधारात चाचपडावे लागत नाही. दर तासाला दोन्ही पावले एकमेकांशी ताडून पाहावीत: रंग, गरमपणा, नाडी, बोटांची हालचाल. घरच्यांनीही हे पाहावे. ते नर्सच्या कामात लुडबुड करणे होत नाही. पाऊल गार लागले, फिकट दिसले, नाडी गेली, तर लगेच उठून सांगायचे. पण एवढ्यावर थांबू नका, कारण आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून थोडे रक्त येत असेल तर पाऊल कोमट राहते, कधी नाडीही पुसट लागते. अशा वेळी खरी साक्ष दुखण्याची असते. दिलेल्या औषधाला न जुमानणारे, वाढत जाणारे दुखणे. पोटरी दगडासारखी ताठर. पायाची बोटे कोणी हळूच हलवली तरी जीव कासावीस होणे. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात बधिरपणा. पोटरीचे स्नायू घट्ट वेष्टणात असतात, आत सूज आली की दाब वाढतो आणि स्नायू गुदमरतो. डॉक्टर याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, आणि तेव्हा तातडीने वेष्टणे उघडून दाब मोकळा करावा लागतो.

इथे एक पेच आहे. पाठीत नळी ठेवून किंवा मज्जातंतू बधिर करून दिलेली वेदनाशामक पद्धत रुग्णाला फार सुख देते, पण हे दुखणे झाकूनही ठेवते. माझे मत असे की या ऑपरेशननंतर पहिल्या रात्री पाय पूर्ण बधिर ठेवू नये. थोडे दुखू द्यावे, औषध देत राहावे, आणि रुग्ण 'हे दुखणे वेगळे आहे' म्हणाला तर त्याचे ऐकावे. आपल्याकडची माणसे, विशेषतः बायका, सोसतात. ओरडले तर डॉक्टर रागावतील असे त्यांना वाटते. त्या रात्री सोसू नका, एवढेच मी कळकळीने सांगतो.

कायद्याविषयी थोडे बोलतो, कारण तो प्रश्न मला नेहमी विचारतात. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या एका तरुणाचे डाव्या मांडीचे हाड मोडले. तिथल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून आधार दिला, तिसऱ्या दिवशी टॅक्सीने पुण्याला नेले, आणि त्याच रात्री तो गेला. जोशी विरुद्ध गोडबोले हा तो खटला. पुण्यात हाड बसवताना पुरेशी भूल न देता अवाजवी जोर लावला गेला, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केला. डॉक्टरांची तीन कर्तव्ये त्या निकालाने सांगितली: रुग्ण घ्यावा की नाही हे काळजीने ठरवणे, कोणता उपचार द्यावा हे काळजीने ठरवणे, आणि तो काळजीने देणे. पुढे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात न्यायालयाने डॉक्टरांची बाजूही समजून घेतली. काही अघटित घडले म्हणजे हलगर्जी झालीच असे मानता येत नाही. मला दोन्ही निकाल मान्य आहेत. सावध हातांकडूनही धमनीला इजा होऊ शकते. पण रात्रभर पावलाकडे कोणी पाहिलेच नाही, तर त्या दिरंगाईला मी गुंतागुंत म्हणणार नाही.

संमतीपत्राविषयी २००८ च्या समीरा कोहली निकालात न्यायालयाने म्हटले की उपचार, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला समजावले पाहिजेत. फार दूरचे, घाबरवणारे धोके सांगणे बंधनकारक नाही. या ठिकाणी मी कायद्याच्या एक पाऊल पुढे जाईन. धोका शंभरात एकाहून कमी असला, तरी तो पाय जाण्याचा आहे, आणि तो वेळेत ओळखण्यात घरच्यांचा हात आहे. म्हणून तो सांगितलाच पाहिजे, मराठीत किंवा कोंकणीत, संमतीपत्राच्या इंग्रजी ओळीत दडवून नव्हे.

शेवटचा मुद्दा घरी परतल्यानंतरचा, आणि मांद्रेसारख्या गावात तो सर्वांत जास्त चुकतो. काही वेळा धमनीला बारीक छिद्र पडते, रक्त हळूहळू मांसात साठते आणि त्याभोवती पिशवी तयार होते. डॉक्टरांच्या भाषेत स्यूडोअन्युरिझम. हे कधी चार दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी कळते. रुग्ण घरी आलेला असतो, कुबड्यांवर पडवीत फिरत असतो, आणि पोटरी सुजू लागते. सूज पाहून घरी तेल चोळतात. पोटरी सुजली म्हणजे शिरेत गाठ झाली, असे कधी डॉक्टरलाही वाटते आणि रक्त पातळ करणारे औषध सुरू होते, त्याने गळती वाढते. कधी पू झाला असे समजून चिरा देतात, ते तर प्राणावर बेतू शकते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोटरीत किंवा लवणीत ठोके पडणारी सूज आली, बँडेजमधून पुन्हा रक्त आले, माणूस पांढरा पडला, तर चोळू नका, चिरा देऊ देऊ नका. आधी डॉपलर सोनोग्राफी करून मागा. शिरेतली गाठ आणि धमनीतली गळती हे त्यात वेगळे दिसते. पिशवी लहान असेल तर आता पुष्कळदा मांडीतून बारीक नळी घालून, आतून अस्तर बसवून ती बंद करता येते, पाय पुन्हा उघडावा लागत नाही. ऑपरेशन कोणत्या तारखेला, कोणत्या बाजूने झाले, पट्टी कुठली बसवली आणि घरी सोडताना पावलाची नाडी कशी होती, हे लिहिलेले डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. १०८ बोलावली तर त्या कर्मचाऱ्यांच्या हातात सर्वांत आधी तेच द्या, म्हणजे ते गाडीतूनच बांबोळीला कळवू शकतील.